डावीकडची चिमी

४ मार्च

प्रिय चिमी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आत्या आहे, बरी आहे. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि सांगायचं ते राहून जातं. पत्रात मला मधेच कोणी तोडत नाही.

मागच्या आठवड्यात सकाळी तोंड धुताना आत्याला चक्कर आली आणि ती बेसिनची कड धरून खाली बसली. मी लगेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मेंदूतल्या एका बारीकशा रक्तवाहिनीत काहीतरी अडकलं होतं म्हणे. हातपाय शाबूत आहेत, बोलणं शाबूत आहे, जिभेची धार तर आहेच. थोडे दिवस ठेवून घेऊन त्यांनी घरी सोडलं. फक्त डाव्या डोळ्याचा एक स्नायू लुळा पडला आहे. तो डोळा नाकाकडे वळून राहतो आणि तिला एकाच्या जागी दोन दिसतं. अगदी जवळचं असेल तर एकच, लांबचं मात्र दोन. खाटेवरून बघितलं की घड्याळं दोन, खिडक्या दोन आणि दारात उभी असले तर मीसुद्धा दोन.

तू येण्याची काहीच गरज नाही. माझं सगळं नीट बसलेलं आहे. सकाळी मी अंग पुसून देते, दुपारी पेपर वाचून दाखवते. शेजारची नर्सबाई येता-जाता रक्तदाब बघते. इतकी वर्षं जमलं तसं आताही जमेल.

एक गंमत तेवढी सांगते. घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन दारात उभी होते, तर आत्या माझ्याकडे बघून असं हसली, असं हसली की मला वाटलं मागे कोणीतरी आलंय. म्हणाली, "अगं, दोघी आलात? मग दारात काय उभ्या? आत या." मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. ती माझ्या उजव्या बाजूला, म्हणजे तिच्या डावीकडे, हवेत बघत होती. "चिमे, किती बारीक झालीस गं," म्हणाली.

बारीक मी झाले आहे, चिमी. गेल्या उन्हाळ्यापासून माझे कपडे मला ढगळ होतात. हे इतके दिवस तिच्या लक्षात आलं नव्हतं. तू म्हणून बघितलं तेव्हा आलं.

असो. गंमत म्हणून सांगितलं.

तुझी,
ताई

१३ मार्च

प्रिय चिमी,

तुझा दोन ओळींचा निरोप मिळाला. 'मी निघू का?' असं विचारणारा माणूस निघत नाही, हे आपल्याला दोघींनाही माहीत आहे. म्हणून नको म्हणते. तुमच्या कारखान्यातली दुर्बिणीची भिंगं तुझ्यावाचून घासायची राहतील.

तुझं इथलं येणं मात्र चालू आहे. रोज. मी दारात आले की तू येतेस. माझं निळं स्वेटर तुला शोभतं. "चिमे, हा रंग तू नेहमी घालत जा," असं आत्याने काल सांगितलं. केस पांढरे झाले तरी तुझा चेहरा कसा तजेलदार आहे. प्रवासाने दमली असशील, आधी बस. मी चहाचा ट्रे हातात धरून उभी, आणि ती म्हणते, चहा आधी चिमीला दे. मी म्हटलं, "आत्या, इथे मी एकटीच आहे." तर म्हणाली, "तू आहेस गं, तू आहेसच. तिचं विचारतेय."

मी एक शोधून काढलंय. मी खाटेला अगदी टेकून बसले की तू नाहीशी होतेस. म्हणून हल्ली मी दारात थांबतच नाही. पायरी ओलांडली की भराभर चालत खाटेपाशी जाते आणि तिच्या नाकासमोर बसते. परवा ती म्हणालीसुद्धा, "काय गं मोठे, अंगावर आल्यासारखी का येतेस?"

आज तिला चष्म्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई गप्पिष्ट आहेत, गालावर खळी आहे, सगळ्यांना 'आजी' म्हणतात. आत्याने पहिल्याच मिनिटाला त्यांना सांगितलं की, "आजी नाही, मिस म्हणायचं." कॉन्व्हेंटमध्ये आपणसुद्धा वर्गात मिसच म्हणायचो, आठवतं? घरी आत्या, शाळेच्या फाटकापासून मिस. तू एकदा वर्गात चुकून 'आत्या' म्हणालीस तर तिने तुला बाकावर उभं केलं होतं, आणि घरी येऊन तुझे पाय चेपत बसली होती. मी कधी चुकले नाही, म्हणून माझे पाय कोणी चेपले नाहीत.

तर त्या बाईंनी एक लांबट पट्टी काढली. तिच्यात एकाखाली एक लोलक बसवलेले, वरचे पातळ, खालचे जाड. ती पट्टी आत्याच्या डाव्या डोळ्यापुढून वर-वर सरकवायची आणि विचारायचं, आता किती दिसतात? लोलकामुळे त्या डोळ्यातलं चित्र सरकतं आणि योग्य लोलक आला की दोन्ही चित्रं एकमेकांवर बसतात. आत्या लगेच ताठ झाली. "तळ कुठल्या बाजूला धरलाय?" बाई म्हणाल्या, "कानाच्या बाजूला, मिस." "बरोबर. प्रकाश तळाकडे वळतो, चित्र टोकाकडे सरकतं. पुढे चला."

मला समोर भिंतीपाशी उभं केलं होतं. बाई विचारतात, "किती?" आत्या म्हणते, "दोन." पुढचा लोलक. "दोन." त्याच्या पुढचा. "दोन." बाईंनी पट्टी संपवली तरी दोनच. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मला बाहेर बसवलं आणि माझ्या जागी नुसता दिवा लावून परत पहिल्यापासून मोजलं. दार अर्धवट उघडं होतं. मला ऐकू आलं. पट्टीच्या मध्यावरच आत्या म्हणाली, "एक."

दिवा एक दिसतो. मी मात्र दोन. डोकं अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही, दुसरं काय.

बाई चष्म्याच्या डाव्या काचेवर एक पातळ पारदर्शक पट्टी चिकटवून देणार आहेत. तिच्यावर बारीक रेघा असतात. बोट फिरवलं तर लागतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक इवलासा लोलक. तुला हे जास्त माहीत असणार. मला फक्त इतकं माहीत आहे की चष्मा शनिवारी मिळेल आणि मग ही दोन-दोनची भानगड संपेल.

ताई

२१ मार्च

प्रिय चिमी,

चष्मा आला. घातला. आता घड्याळ एक, खिडकी एक, मी एक.

पहिल्यांदा घातला तेव्हा मी मुद्दाम दारात उभी राहिले. आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या बाजूला बघितलं, मग दारामागे. "कुठे गेली?" म्हणाली. मी म्हटलं, "कोण?"  तिने हात पुढे करून चहाचा कप घेतला आणि चहा थंड होईपर्यंत हातात धरून बसली.

तेव्हापासून ती गप्प आहे. पेपर वाचला तर ऐकते, पण चुका काढत नाही. परवा मी मुद्दाम 'वेग'च्या जागी 'गती' वाचलं, तरी नाही काढली. चष्मा सापडत नाही अशी रोजची तक्रार. एकदा उशीच्या अभ्र्यात मिळाला, एकदा साखरेच्या डब्यात. मी शोधते, पुसते, परत नाकावर ठेवते. ती लहान मुलासारखी डोळे मिटून घेते.

तुझा निरोप वाचला. 'तिला नको असेल तर लादू नकोस.' चिमी, लांबून असं लिहायला काय जातं? धडपडून हाड मोडलं तर उचलायला तू येणार आहेस का? जिना उतरताना तिला एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसल्या तर? तू लिहितेस ते सगळं दिसायला स्वच्छ असतं, तुझ्या भिंगांसारखं. इथे माझ्या हाताला तिच्या अंगाच्या पावडरीचा वास येतो.

रागावून लिहिलं. पण खोडत नाही.

काल कपाट आवरताना त्या स्टुलावर चढले. पियानोचं गोल फिरणारं स्टूल. शाळेतली संगीताची खोली बंद झाली तेव्हा आत्या ते घरी घेऊन आली होती, तुला माहीत नसेल. तू तेव्हा गेलेली होतीस. चढले आणि ते गरकन फिरलं, मी पडता-पडता वाचले. खाली उतरून त्याच्यावर बसले आणि मला सगळी ती दुपार आठवली.

वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद, एका कागदाला चीर, चिरेतून उन्हाची एक पट्टी आत आलेली. स्टुलावर लोलक. समोरच्या भिंतीवर रंगांचा पट्टा. मदर सुपिरियर दारातून डोकावून म्हणाल्या होत्या, "मिस, माझं पियानोचं स्टूल कुठाय?" आणि आत्या म्हणाली, "मदर, ते जरा प्रकाशाच्या कामात आहे." सगळा वर्ग फिसकन हसला होता.

काविळीत माझं वर्ष गेलं म्हणून आपण दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर. धाकटी बहीण बाकावर शेजारी असणं काय असतं ते तुला कळणार नाही. तुझं उत्तर आधी यायचं आणि सगळे माझ्याकडे बघायचे.

आत्याने मला स्टूल फिरवायला दिलं आणि तुझ्या हातात खडू. मी अगदी हळू, एकाच दिशेने फिरवायचं. पट्टा भिंतीवरून सरकत जाईल, सरकता-सरकता मंद होईल, थांबेल आणि मग, स्टूल त्याच दिशेने फिरत असताना, पट्टा मात्र उलटा परतेल. जिथे तो थांबतो तिथे चिमीने खडूने खूण करायची. तो न्यूनतम विचलनाचा कोन. लोलकातून जाताना प्रकाश सगळ्यात कमी वळतो ती जागा. "तिथे किरण आत शिरताना जेवढा झुकतो, तेवढाच बाहेर पडताना झुकतो," आत्या सांगत होती. "दोन्ही बाजू सारख्या." मी मनात म्हटलं, भिंतीवर असतील.

मला पट्टा बघायचा होता. मी मान वळवली की माझा हात थांबायचा आणि स्टुलाला हिसका बसायचा. तिसऱ्या वेळी आत्या म्हणाली, "मोठे, फिरवणाऱ्याने स्टुलाकडे बघायचं. बघायचं असेल तर हात सोडायचा." मी हात सोडला नाही. मला वाटलं, सोडला तर दुसरी कोणीतरी धरेल. तू मागून ओरडलीस, "परतला, परतला!" सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी स्टुलाच्या स्क्रूकडे बघत होते.

तो पट्टा परतताना मी अजून पाहिलेला नाही. पुढे तू शिकायला गेलीस तेव्हा आत्याने तो लोलक रुमालात गुंडाळून तुझ्या पेटीत ठेवला. मला वाटलं होतं, निदान तो तरी घरी राहील.

ताई

२९ मार्च

प्रिय चिमी,

आज जे झालं ते लिहून टाकते. उद्यापर्यंत थांबले तर मी त्यातलं मला सोयीचं नसलेलं गाळेन.

दुपारी आत्याची नखं कापत होते. चष्मा काढून ठेवलेला होता, कारण जवळचं तिला तसंही एकच दिसतं. ती माझ्याकडे बघत होती. बघता-बघता म्हणाली, "मोठे, डॉक्टरांनी चष्म्याची घाई केली होती का गं?"

मी म्हटलं, "हो."

"बघ बरं आठवून."

चिमी, डॉक्टर म्हणाले होते की हा स्नायू बहुतेक वेळा आपला आपण सुधारतो, महिना-दोन महिने वाट बघा, नाही तर मग चष्मा. घाई मी केली. पायऱ्यांचं तुला लिहिलं ते खोटं नाही, पण जिना उतरायला तिला मी एकटीला कधी सोडलं आहे?

मी तिचं पुढचं बोट धरलं. ती म्हणाली, "नख लागेल, नीट धर. रागावत नाहीये मी. मला एवढंच सांग, ती तुला इतकी नको होती?"

"कोण ती? आत्या, कोणी नव्हतं. तुझ्या डोळ्याचा दोष होता तो."

"ते तू मला सांगतेस?" म्हणाली. "जवळ आलं की एक, लांब गेलं की दोन. खरी उजवीकडची, ठसठशीत. डावीकडची जराशी पुसट. मी किती वर्षं प्रकाश शिकवला? पहिले एक-दोन दिवस मला खरंच वाटलं की चिमी आलीय. मग तुम्ही दोघींनी एकदम पदराला हात पुसले. तेव्हा कळलं."

"कळलं होतं तर मग रोज तिला हाका का मारत होतीस?" माझा आवाज चढला होता. नेलकटर खाली पडलं. "तिकडे डॉक्टरीणबाईंकडेसुद्धा दोन-दोन करत बसलीस. माझं स्वेटर, माझा चेहरा, माझी हाडं, सगळं तिचं. मला काय वाटत असेल?"

आत्याने पाठ ताठ केली. वर्गात करायची तशी.

"तू दारातून आत यायचीस," ती म्हणाली, "आणि तुझ्याबरोबर ती यायची. खांद्याला खांदा लावून. तू थांबलीस की ती थांबायची, तू हसलीस की ती हसायची. तुम्ही दोघी एका दारातून एकदम आत आलात असं मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मोठे, तू आणत होतीस तिला. रोज. कळल्यावर सोडवेना मला ते."

मी म्हटलं, "मग कौतुक तिचंच का? तिचं नाव घेऊन का?"

"तुझं तोंडावर केलं तर तू लगेच भांडी घासायला उठतेस," ती म्हणाली. "आजवर एकदा तरी ऐकून घेतलंस का? पुसटशा त्या बाईला सांगितलं तेव्हा तू शब्दन्‌शब्द ऐकलास. तारखेसकट पाठ असेल तुला."

खरं आहे. पाठ आहे. तुला पत्रात लिहून पाठवलंय सगळं.

तरी मी लगेच विरघळले असं समजू नकोस. मी विचारलंच, "लोलक तिला दिलास. खडू तिला दिलास." म्हातारी झाले तरी विचारलं. आत्या म्हणाली, "स्टूल हळू, एकसारखं फिरवणं सगळ्यात कठीण असतं. चिमीच्या हातात दिलं असतं तर तिने भोवऱ्यासारखं फिरवलं असतं. हात तुझाच लागत होता." मग म्हणाली, "पण तुला एकदा तरी भिंतीपाशी उभं करायला हवं होतं. ते माझं राहिलं."

मी नखं पुरी केली. करंगळीचं जरा जास्त कापलं गेलं. तिने बोट मागे घेतलं नाही.

ताई

६ एप्रिल

प्रिय चिमी,

चष्म्यावरची पट्टी मी सोलून काढली. कोपरा नखाने उचलला की सहज निघते. बाईंकडे तपासायला नेलं तर त्या म्हणाल्या, "नाही तरी आता ती काढायचीच होती. डोळा सुधारतोय, मिस." स्नायू हळूहळू जागेवर येतोय. दोन्ही चित्रं रोज थोडी-थोडी जवळ येताहेत.

काल संध्याकाळी मी दारात उभी राहिले. घाई न करता, चांगली चौकटीला टेकून. विचारलं, "आत्या, किती?"

तिने डोळे बारीक करून बघितलं. "दीड," म्हणाली.

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची नर्सबाई रक्तदाब बघायला धावत आली.

आज सकाळी परत उभी राहिले. ती म्हणाली, "सव्वा. संपत आली बघ." हसतच म्हणाली, पण मग तिने तोंड खिडकीकडे केलं. मी बराच वेळ दारातच उभी होते. मागे सरकत-सरकत पार जिन्यापर्यंत गेले. लांब गेलं तर तू परत दिसशील, असं वाटलं. तिथूनही तिला मी जवळजवळ एकटीच दिसले.

चिमी, तू शेवटची येऊन गेलीस त्या सकाळी मी तुला काय म्हटलं ते आपल्या दोघींच्या लक्षात आहे. 'पाहुणीसारखी ये आणि पाहुणीसारखी जा.' तू आत्याला तुझ्याकडे घेऊन जाईन म्हणालीस आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. ती गेली असती तर या घरात मी कोणाची कोण? तू चहा न घेता गेलीस. तुझा कप मी धुवून पालथा घातला, तो कोणाला वापरू दिलेला नाही.

मला अजूनही तुझा हेवा वाटतो. तू आलीस की आत्याचा चेहरा उजळेल, आणि मला ते टोचेल, हे आधीच सांगून ठेवते. जेवताना तुला पहिला घास मिळाला तर मी भांडी आपटेन. तू ऐकून न ऐकल्यासारखं कर. पण सुट्टी काढ आणि ये. विचारत नाहीये, सांगतेय. थोड्या दिवसांची नको, चांगली सुट्टी काढ. सकाळचं अंग पुसणं, पेपर, औषधं, सगळं तुझ्याकडे देणार आहे. भोवऱ्यासारखं केलंस तरी चालेल.

येताना लोलक आण. समोरच्या खोलीत दुपारी ऊन येतं, काळे कागद मी आणून ठेवलेत. स्टुलाला तेल घातलंय. आत्याला खुर्चीत बसवू, ती चुका काढेल. स्टूल तू फिरव. मी भिंतीपाशी उभी राहणार आहे, हातात खडू घेऊन.

गाडीच्या वेळा कळव, घ्यायला येईन. घरी पोचलो की बेल वाजवू नकोस, किल्ली माझ्याकडे असेल. सामान जिन्यातच ठेवू. तुझ्यासाठी निळं स्वेटर विणायला घेतलंय, तोवर होईल. दोघी सारखे रंग घालून तिच्या दारात उभ्या राहू, खांद्याला खांदा लावून. तू डावीकडे.

मग मी विचारीन, "आत्या, किती?"

तुझी,
ताई